चार्ल्स जॅक्सन फ्रेंच: पंधरा जखमी, एक दोरी आणि दोन तासांचं पत्र

चार्ल्स जॅक्सन फ्रेंच म्हणजे 1942 मधे बुडालेल्या जहाजाच्या साधारण पंधरा जखमींचा तराफा कमरेला दोरी बांधून पोहत ओढणारा अमेरिकन नौदलातला ब्लॅक मेस अटेंडंट. त्याच्याबद्दल हल्ली जे काही वाचायला मिळतं त्यात एक गोष्ट हमखास असते, की हा माणूस विस्मरणात गेला होता आणि आत्ता कुठे पुन्हा सापडला. मला हे पटत नाही, आणि हे प्रकरण नीट मांडावंसं वाटलं ते त्यामुळेच. 1942 सालीच त्याची गोष्ट अमेरिकेत रेडिओवर सांगितली गेली, पेपरात आली, च्युइंगगमच्या पाकिटातून लहान मुलांना युद्धाची चित्रं मिळायची त्यात त्याचंही चित्र छापलं गेलं, आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात दक्षिण पॅसिफिकच्या सर्वात वरच्या नौदल अधिकाऱ्याने त्याच्या नावाने पत्र काढलं. म्हणजे माहिती सगळ्यांना होती. माहिती असूनही त्या कामाची किंमत किती लावली गेली आणि कशी लावली गेली, हा खरा विषय आहे.

माणूस कोण

फ्रेंचचा जन्म 25 सप्टेंबर 1919 चा, आर्कान्सा राज्यातल्या फोरमन नावाच्या छोट्या गावातला. आईवडील लवकर गेले, मग तो नेब्रास्कामधल्या ओमाहा शहरात बहिणीकडे राहायला आला, आणि डिसेंबर 1937 मधे, नुकताच अठरा पूर्ण झालेला असताना, नौदलात भरती झाला. ब्लॅक पोराला तेव्हा अमेरिकन नौदलात एकच दार उघडं होतं, मेस अटेंडंटचं. पहिल्या महायुद्धानंतर बरीच वर्षं तर नौदलाने ब्लॅक लोकांची नवीन भरतीच जवळपास बंद ठेवली होती, मेसची कामं फिलिपिनो पोरांकडून करून घ्यायचे. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला भरती पुन्हा सुरू झाली तीही फक्त ह्या मेसच्या शाखेपुरती. काम काय, तर अधिकाऱ्यांना जेवण वाढायचं, भांडी घासायची, त्यांचे बिछाने घालायचे, कपडे बघायचे, बूट चमकवायचे. तोफ, इंजिन, सिग्नल असलं कुठलंही काम रीतसर शिकायची सोय नाही, आणि कितीही वर्षं नोकरी झाली तरी गोऱ्या खलाशावर हुकूम चालवायचा अधिकार नाही.

आपल्याकडच्या लोकांना ही व्यवस्था अगदीच अनोळखी नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर सलूनमधे वाढायला, स्टुअर्ड आणि खानसामे म्हणून गोव्याची माणसं आणि डेकवर कोकणातले खलाशी पिढ्यान्पिढ्या गेले, आणि तिथेही कोण कुठल्या कामाला हे माणसाच्या कातडीवरून आणि गावावरून ठरायचं, त्याला काय येतं ह्यावरून नाही.

फरक एवढाच पडायचा की लढाईला तोंड फुटलं की हीच मेसमधली पोरं दारूगोळा वर पोचवायला आणि जखमींना उचलायला धावायची. म्हणजे मरायची वेळ आली की ते खलाशी, आणि एरवी वाढपी.

फ्रेंचची पहिली चार वर्षांची नोकरी ह्यूस्टन ह्या क्रूझरवर झाली. नोव्हेंबर 1941 मधे मुदत संपली, तो ओमाहाला घरी परतला, आणि लवकरच, डिसेंबरमधे, जपानने पर्ल हार्बर ह्या अमेरिकन नौदल तळावर हल्ला केला. 19 डिसेंबरला तो पुन्हा भरतीच्या रांगेत. ह्याच्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती, नियमाप्रमाणे त्याचं काम झालेलं होतं, आणि ज्या नौदलात आपल्याला ताटं उचलायचंच काम मिळणार हे त्याला चार वर्षांच्या अनुभवावरून चांगलं ठाऊक होतं तिथेच तो परत गेला. मार्च 1942 मधे त्याला ग्रेगरी ह्या जहाजावर पाठवलं. त्याच महिन्याच्या 1 तारखेला त्याचं जुनं जहाज ह्यूस्टन जावाजवळ सुंदा सामुद्रधुनीत बुडालं आणि त्याच्या ओळखीची कितीतरी माणसं जहाजासोबत गेली.

ग्रेगरी आणि ती रात्र

ग्रेगरी म्हणजे 1918 सालची जुनी, चार धुराड्यांची विनाशिका. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरायच्या आधी तिची टॉर्पेडोची नळकांडी उतरवली, काही बॉयलर काढले आणि त्या जागेत मरीन, म्हणजे जहाजातून जाऊन किनाऱ्यावर लढणारे सैनिक, आणि त्यांना किनाऱ्यावर सोडायच्या छोट्या बोटी ठेवायची सोय केली. थोडक्यात, वेगाने माणसं पोचवणारी गाडी, खऱ्या युद्धनौकेशी टक्कर द्यायची ताकद तिच्यात उरलेली नव्हती. हिरव्या रंगामुळे मरीन लोक ह्या जहाजांना ग्रीन ड्रॅगन म्हणायचे. 7 ऑगस्ट 1942 ला अमेरिकन फौजा सॉलोमन बेटांपैकी ग्वाडलकॅनालवर उतरल्या, आणि त्यानंतर माणसं-सामान इकडून तिकडे नेण्याचं धोक्याचं काम ह्या जुन्या जहाजांवर पडलं. त्यांच्यातलं एक, कॅल्हून, 30 ऑगस्टला विमानांच्या बाँबहल्ल्यात बुडालं होतं. म्हणजे आपली पाळी कधीही येऊ शकते हे ग्रेगरीवरच्या प्रत्येकाला कळत होतं.

4 सप्टेंबरला ग्रेगरी आणि तिच्या जोडीचं लिटल ह्या दोघांनी मरीन रेडर्सना, म्हणजे छापे घालणाऱ्या मरीन तुकडीला, साव्हो बेटावर पोचवलं. परत येताना रात्र इतकी काळी आणि वर धुक्याचा थर, की किनाऱ्यावरची एकही खूण दिसेना. तुलागी बेटाच्या अरुंद वाटेत शिरून जहाज खडकावर घालण्यापेक्षा रात्रभर बाहेरच गस्त घालू असं ठरलं. निर्णय शहाणपणाचा होता. पण त्याच रात्री युदाची, हात्सुयुकी आणि मुराकुमो ह्या तीन जपानी विनाशिका अमेरिकन ठाण्यांवर तोफा डागायला तिथे आल्या होत्या, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांचा पत्ता नव्हता.

मध्यरात्रीनंतर 12:56 ला ग्रेगरी आणि लिटलवरून तोफांचे लखलखाट दिसले. आधी वाटलं एखादी पाणबुडी असेल, मग रडारवर एकाहून जास्त ठिपके आले. पुढे जाऊन भिडायचं की गुपचूप निघून जायचं ह्यावर विचार चालू होता, आणि तेवढ्यात वरून जाणाऱ्या एका अमेरिकन विमानाच्या पायलटने, त्यालाही ती पाणबुडीच वाटली म्हणून, पाच फ्लेअर्स सोडले. ते नेमके ह्या दोन जहाजांच्या जवळजवळ डोक्यावरच उतरले. घट्ट काळोखात स्वतःच्याच माणसाने दिवे लावून दिले. 1 वाजता जपानी तोफा सुरू झाल्या आणि तीन मिनिटांच्या आत ग्रेगरी जागेवर थांबली, दोन बॉयलर फुटले, डेकवर आगच आग. कॅप्टन लेफ्टनंट कमांडर हॅरी बाउअर स्वतः गंभीर जखमी होता, त्याने जहाज सोडायचा हुकूम दिला. दोघं जण त्याला मदत करत होते, पण जवळच कोणीतरी मदतीसाठी ओरडत होतं, तर त्याने त्या दोघांना तिकडे पाठवलं, आणि त्यानंतर बाउअर कोणाला दिसला नाही.

1:23 ला जपानी तोफांनी पुन्हा तोंड उघडलं. आता नेम जहाजांवर नव्हता, पाण्यात तरंगणाऱ्या माणसांवर होता.

तराफा

ग्रेगरीवर रॉबर्ट एड्रियन नावाचा एक तरुण अधिकारी होता, हुद्दा एन्साइन, म्हणजे अधिकाऱ्यांमधला सगळ्यात धाकटा. आपल्याला ह्या रात्रीबद्दल जे माहीत आहे त्यातलं बरंचसं त्याच्यामुळे. तो ब्रिजवर होता, स्फोटात बेशुद्ध पडला, शुद्धीवर आला तेव्हा जहाज खाली चाललेलं आणि लाइफ जॅकेटमुळे तो आपोआप पाण्यावर आलेला. डोळ्यात कपच्या गेल्या होत्या, धड दिसत नव्हतं. आवाजाच्या रोखाने तो कसाबसा एका तराफ्यापाशी पोचला. तिथे फ्रेंच होता, आणि तो पाण्यातून एकेक जखमी शोधून तराफ्यावर चढवत होता. असे साधारण पंधरा जण झाले.

इथे जरा थांबून त्या तराफ्यावरची परिस्थिती बघायला पाहिजे, कारण सगळं प्रकरण ह्या एका निर्णयावर उभं आहे. तराफ्याला शीड नाही, इंजिन नाही. वरची माणसं भाजलेली, कपच्या लागलेली, वल्हवायची ताकद कोणात नाही. प्रवाह ग्वाडलकॅनालच्या किनाऱ्याकडे ओढत होता. ग्वाडलकॅनालवर अमेरिकन ताबा होता तो लुंगाच्या आसपासच्या पट्ट्यावर. बाकीचा बराचसा किनारा जपान्यांकडे, आणि त्याच दिवसांत रात्री-रात्री त्यांची नवीन कुमक तिथे उतरत होती. पकडले गेलो तर काय होईल ह्याची कल्पना तिथे प्रत्येकाला होती, कारण तीनच आठवड्यांपूर्वी, 12 ऑगस्टच्या रात्री, गेटगे नावाच्या मरीन अधिकाऱ्याच्या हाताखाली पंचवीस जणांची एक तुकडी ह्याच किनाऱ्यावर उतरली होती आणि त्यातले फक्त तिघे जिवंत परतले होते.

मग पर्याय काय होते? नुसतं पडून राहायचं तर पहाटेपर्यंत शत्रूच्या दारात. हातांनी पाणी मारायचं तर मारणार कोण. आणि तिसरा पर्याय होता, तो फक्त फ्रेंचला होता. तो धडधाकट होता, पोहायला पक्का होता, एकटा सुटला असता. हा पर्याय मी उगीच काढत नाहीये, ग्रेगरीचे सहा जण त्या रात्री खरोखरच पोहत पोहत ग्वाडलकॅनालला लागले आणि वाचले, त्यांचं काही चुकलं नाही, जहाज सोडायचा हुकूम झाल्यावर जो तो आपला जीव वाचवायला मोकळा असतो. फ्रेंचला कोणी हुकूम दिलेला नव्हता. तराफ्यावर जो एकमेव अधिकारी म्हणून आपल्याला माहीत आहे त्या एड्रियनने तर त्याला उलट अडवलं, म्हणाला ह्या पाण्यात शार्क आहेत. फ्रेंचने उत्तर दिलं की शार्कपेक्षा मला जपान्यांची भीती जास्त वाटते. कपडे उतरवले, एड्रियनच्या मदतीने कमरेला दोरी बांधली आणि सांगितलं, मी बरोबर दिशेने चाललोय का तेवढं फक्त सांगत रहा. आणि उतरला पाण्यात.

डोळे अधू झालेला अधिकारी दिशा सांगतोय आणि मेसमधला वाढपी ओढतोय. ह्या एका दृश्यात त्या नौदलाची सगळी उतरंड उलटी झाली होती, आणि त्या पाण्यात कोणालाच त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

ओढण्याबद्दल थोडं लिहितो, कारण ह्यातली मेहनत वाचताना लक्षात येत नाही. खाडीत कधी बंद पडलेली होडी पाण्यात उतरून दोरीने ओढली असेल तर कळेल, पायाखाली चिखल असतो तरी दम निघतो. इथे पायाखाली काही नाही. पोहणाऱ्याचा प्रत्येक हात पुढे जायला मारलेला, आणि लगेच दोरी कमरेला मागे खेचणार, त्यात पंधरा माणसांचं वजन आणि प्रवाह विरुद्ध. अशा वेळी तराफा पुढे सरकतो तो इतका थोडा की पोहणाऱ्याला आपण जागेवरच आहोत असं वाटत राहणार. आणि मुद्दा तोच आहे, त्याला कुठे पोचायचंच नव्हतं. किनाऱ्याला लागू नये एवढंच साधायचं होतं. एकेक तास तराफा किनाऱ्यापासून लांब राहिला की काम झालं. जिथे जिंकणं म्हणजे न पोचणं, तिथे थांबायची जागाच नसते, थांबलं की हरलं. शार्क पायांना घासून गेल्याचंही त्याने नंतर सांगितल्याचं वाचायला मिळतं. शार्कनी काही केलं नाही, पण ते त्याला पहाटेपर्यंत माहीत असायचं कारण नव्हतं.

एड्रियनच्या सांगण्यावरून जो आकडा पसरला तो सहा ते आठ तासांचा. सूर्य वर आल्यावर टेहळणीच्या विमानाने त्यांना पाहिलं, मरीनची लँडिंग बोट आली आणि सगळ्यांना उचललं. ग्रेगरीवरचे 11 सोडून बाकी सगळे वाचले.

एका जुन्या कृष्णवर्णीय नौसैनिकाने फ्रेंचच्या तोंडून ऐकलेला एक प्रसंग पुढे लिहून ठेवला आहे. किनाऱ्यावर आणल्यावर फ्रेंचला गोऱ्या खलाशांपासून वेगळं काढून ब्लॅक लोकांच्या जागेत पाठवायला निघाले, तर तराफ्यावरचे ते गोरे, तेलाने माखलेले, जखमी, हातघाईवर आले, की तो आमच्यातला आहे, तो आमच्याबरोबरच राहणार, घ्यायचं तर सगळ्यांना एकत्र घ्या. हे सांगताना फ्रेंचच्या डोळ्यात पाणी यायचं म्हणे. रात्रभर पोहल्याचं सांगताना नाही, हे सांगताना.

कागदावर काय उतरलं

एड्रियनने रेडिओवर गोष्ट सांगितली. पहिल्या बातम्यांमधे पूर्ण नावही नव्हतं, फ्रेंच नावाचा निग्रो मेस अटेंडंट एवढंच. ज्या माणसाने आपला जीव वाचवला त्याचं पहिलं नाव एड्रियनला माहीत नव्हतं, आणि ह्यात एड्रियनला दोष द्यावा असं मला वाटत नाही, तेव्हा जहाजावर मेसच्या पोरांना आडनावाने नाहीतर नुसतंच अरे-तुरे करून हाक मारायची पद्धतच होती. नाव नंतर शोधून काढलं गेलं. ओमाहात त्याचं जंगी स्वागत झालं, वॉर बाँड, म्हणजे युद्धाच्या खर्चासाठीचे सरकारी रोखे, विकायच्या कार्यक्रमांना त्याला नेलं, आणि च्युइंगगमच्या पाकिटातलं ते चित्र आलं.

आणि मग मे 1943 मधे ॲडमिरल विल्यम हॅल्सीचं प्रशस्तिपत्र. त्यातला मजकूर असा, की लढाईनंतर साधारण पंधरा जणांचा गट तराफ्यावर होता, जपानी नौदल त्या तराफ्यावर मुद्दाम तोफा डागत होतं, फ्रेंचने स्वतःला दोरी बांधून घेतली आणि दोन तासांहून जास्त वेळ विश्रांती न घेता पोहून तराफा ओढायचा प्रयत्न केला. बस. मेडल नाही.

आता आकडे बघा. एड्रियनकडून सहा ते आठ तास, पत्रात दोन तासांहून जास्त. मी स्वतः हा हिशोब लावून बघितला. 1:23 ला पाण्यातल्या माणसांवर गोळीबार सुरू झाला, जखमी गोळा करायला वेळ गेला असणार, आणि त्या भागात सप्टेंबरमधे सूर्योदय सकाळी सहाच्या सुमाराला. म्हणजे सहा तास बसवायचे तर उजाडल्यानंतरही बराच वेळ तो पाण्यात ओढत असला पाहिजे, आणि दोन तासांवर थांबवायचं तर मग उरलेली रात्र तराफा किनाऱ्याला का लागला नाही हे पत्र सांगत नाही. मला विचाराल तर पत्रातला आकडा म्हणजे ज्याच्याबद्दल कोणी हरकत घेणार नाही असा कमीत कमी आकडा आहे. ऑफिसातला माणूस सही करायच्या आधी असाच आकडा धरतो. पण त्याहून मला लागतो तो "प्रयत्न केला" हा सूर, जणू काम अर्धवट राहिलं. तराफा शत्रूच्या हाती लागला नाही आणि माणसं घरी गेली, ह्याहून पूर्ण काम कसं असतं?

मेडल का नाही

सोपं उत्तर आहे की तो ब्लॅक होता म्हणून. हे उत्तर खरं आहे पण पुरं नाही, आणि प्रकरण अभ्यासायचं तर इथे खोलात जायला पाहिजे.

त्याच सुमारास दुसऱ्या मेसवाल्यांना मोठे सन्मान मिळाले आहेत. पर्ल हार्बरचा डोरिस मिलर, त्याला नेव्ही क्रॉस हे शौर्याचं फार वरचं पदक मिळालं आणि 27 मे 1942 ला पॅसिफिक ताफ्याचा प्रमुख ॲडमिरल निमिट्झने ते स्वतः त्याच्या छातीवर लावला. विल्यम पिंकनी, ऑक्टोबर 1942 मधे एंटरप्राइझ ह्या विमानवाहू जहाजावर स्फोटानंतर दुसऱ्या माणसाला बाहेर काढलं, नेव्ही क्रॉस. लिओनार्ड रॉय हार्मन, नोव्हेंबर 1942, ह्याच ग्वाडलकॅनालच्या पाण्यात सॅन फ्रान्सिस्को जहाजावर जखमी सोबत्याला आपल्या अंगाने आडोसा देताना मारला गेला, मरणोत्तर नेव्ही क्रॉस, आणि 1943 मधे त्याच्या नावाचं जहाजसुद्धा सेवेत आलं, अमेरिकन नौदलात कृष्णवर्णीय माणसाचं नाव मिळालेलं पहिलं. म्हणजे दार पूर्ण बंद नव्हतं.

मग फ्रेंचच्या वेळी काय वेगळं झालं? मिलरची गोष्ट बारकाईने बघितली की उलगडा होतो. त्यालाही आधी नुसतं प्रशस्तिपत्रच मिळालं होतं. कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांनी, विशेषतः पिट्सबर्ग कुरियरने, आणि नागरी हक्कांच्या संघटनांनी पाठ सोडली नाही म्हणून ते नेव्ही क्रॉसपर्यंत गेलं. फ्रेंचसाठी ती दुसरी पायरी आलीच नाही. हार्मन आणि पिंकनीची जहाजं लढाईनंतर तरंगत राहिली, तिथे शिफारस लिहायला अधिकारी होते, टेबल होतं, कागद होते. नौदलात मेडल वरून पडत नाही, खालून लिहून पाठवावं लागतं, आणि ते लिहायचं असतं जहाजाच्या कॅप्टनने. ग्रेगरीचा कॅप्टन बाउअर त्या रात्रीच गेला. त्याच्या वरचा, ह्या जहाजांच्या तुकडीचा प्रमुख कमांडर ह्यू हॅडली लिटलवर होता, तोही मारला गेला. लिटलचा कॅप्टन लॉफबर्गसुद्धा गेला. जहाज आणि त्याबरोबर सगळे कागद समुद्राच्या तळाशी, ज्या जागेला एवढी जहाजं बुडाली म्हणून आयर्नबॉटम साउंड म्हणतात तिथे. राहिला साक्षीदार कोण, तर डोळ्याला इजा झालेला एक एन्साइन आणि काही जखमी खलाशी, वेगवेगळ्या हॉस्पिटलांत पांगलेले. आणि सही करणारा हॅल्सी, तो तर त्या भागाचा कमांडर झाला ऑक्टोबरमधे, म्हणजे घटनेनंतर सहा आठवड्यांनी.

तर माझं मत असं, की साखळी तुटली हा योगायोग, पण तुटलेली साखळी कोणाला जोडून घ्यावीशी वाटते आणि कोणाला नाही हा योगायोग नाही. बाउअरला मरणोत्तर सिल्व्हर स्टार, म्हणजे लढाईतल्या शौर्याचं पदक, मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. बाउअर आणि हॅडली दोघांच्या नावाने युद्ध संपायच्या आधी जहाजं पाण्यात उतरली. त्यांचीही कागदपत्रं तीच बुडालेली, साक्षीदार तेच पांगलेले. म्हणजे मनात आणलं तर जमत होतं. मेस अटेंडंटच्या बाबतीत पत्रावर भागलं.

आणि मेडलच नव्हतं असंही नाही. जीव वाचवण्याच्या शौर्यासाठी नेव्ही अँड मरीन कोअर मेडल अमेरिकन काँग्रेसने मंजूर केलं 7 ऑगस्ट 1942 ला, ज्या दिवशी फौजा ग्वाडलकॅनालवर उतरल्या बरोब्बर त्याच दिवशी. फ्रेंच पाण्यात उतरला त्याच्या चार आठवडे आधी ते मेडल अस्तित्वात आलेलं होतं.

पुढे

फ्रेंच पुढेही नौदलात राहिला. त्याचं पोहणं सगळ्या देशाने ऐकलं होतं, पण त्याच्याच ओमाहामधे पियोनी पार्कच्या मोठ्या तलावात ब्लॅक मुलांना पोहायला बंदी होती ती 1963 मधे निदर्शनं झाली तेव्हा उठली. तोपर्यंत फ्रेंच गेला होता. 7 नोव्हेंबर 1956, वय 37. सॅन दिएगोच्या फोर्ट रोझक्रान्स ह्या लष्करी दफनभूमीत त्याला पुरलं आहे.

नंतर नातेवाईकांनी, पोहण्याच्या इतिहासावर काम करणाऱ्यांनी आणि अलीकडे सोशल मीडियावर लोकांनी हा विषय लावून धरला. मे 2022 मधे नौदलाने त्याला मरणोत्तर नेव्ही अँड मरीन कोअर मेडल दिलं, तेच, ऐंशी वर्षांपूर्वी मंजूर झालेलं, आणि सॅन दिएगोच्या नौदल तळावर रेस्क्यू स्विमर्स, म्हणजे पाण्यात पडलेल्यांना वाचवायला उडी मारणारे, ज्या तलावात शिकतात त्याला त्याचं नाव दिलं. हे नाव मला फार योग्य वाटतं. पुतळ्यापेक्षा बरं, कारण तिथे रोज कोणीतरी त्याचंच काम शिकतंय. जानेवारी 2024 मधे नौदल सचिव कार्लोस डेल टोरो ह्यांनी जाहीर केलं की डीडीजी 142 ह्या नव्या विनाशिकेचं नाव चार्ल्स जे. फ्रेंच असेल.

हे सगळं चांगलं झालं, पण प्रकरण इथे मिटलं असं मी मानत नाही. 2022 मधे दिलेलं मेडल हे शत्रूशी प्रत्यक्ष लढाईत नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी असतं. आणि हॅल्सीच्या पत्रात स्पष्ट लिहिलंय की जपानी नौदल त्या तराफ्यावर मुद्दाम तोफा डागत होतं. नौदलाचा स्वतःचा 1943 चा कागद सांगतो की फ्रेंच शत्रूच्या माऱ्याखाली होता, मग त्याचं काम लढाईबाहेरचं कसं ठरतं? त्याच कागदाच्या आधाराने सिल्व्हर स्टार किंवा नेव्ही क्रॉसचा विचार व्हायला पाहिजे, आणि हा आग्रह भावनेचा नाही, नोंदीचा आहे. 1997 मधे बिल क्लिंटन ह्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या सात कृष्णवर्णीय सैनिकांना मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं शौर्याचं सर्वोच्च पदक, दिलं, सहा जण ते घ्यायला जिवंत नव्हते, आणि ते झालं जुन्या नोंदी पुन्हा उघडून तपासल्यामुळे. ते सातही जण आर्मीतले होते. नौदलाने 1942 च्या मेसवाल्यांच्या फायली त्याच पद्धतीने एकदा उघडायला हव्यात, आणि सुरुवात ग्रेगरीपासून करावी.